गृहरंगयोजना

गृहरंगयोजना : घराच्या भिंती, छत, दारे-खिडक्या, जमीन व सामानसुमान यांसाठी रंगांची हेतुपूर्वक केलेली निवड व त्यांची परस्परांशी घातलेली सांगड, यांस गृहरंगयोजना असे म्हणतात. रंगांची निवड हा केवळ वैयक्तिक आवडीनिवडीचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि तिचा इतिहास पाहता असे दिसून येते, की घरास कोणता रंग द्यावयाचा हे बहुतेक काळ उपलब्ध रंगद्रव्ये, त्यांची किंमत, हवामान, रूढी आणि आरोग्यविषयक कल्पना यांनीच ठरविले. निवडीचे खरे स्वातंत्र्य सर्वसामान्य माणसास एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राच्या प्रगतीमुळे मिळाले. त्या स्वातंत्र्याची किंमत मात्र रंगारी, कारखान्यांतील कामगार आणि लहान मुले यांना दीर्घकाळ मोजावी लागली.

प्राचीन काळ : प्राचीन काळातील घरांच्या रंगयोजनेचा सर्वांत विपुल पुरावा इटलीतील पाँपेई व हर्क्युलेनियम या नगरांत मिळतो. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात ही नगरे गाडली गेल्याने तेथील घरांच्या रंगीत भिंती टिकून राहिल्या. जर्मन पुरातत्त्वज्ञ आउगुस्ट माऊ याने १८८२ मध्ये या भित्तिचित्रांची चार शैलींत विभागणी केली. त्यांपैकी पहिल्या शैलीत गिलाव्यावर रंगीत संगमरवराचा आभास निर्माण केलेला आढळतो. पुढील शैलींत स्तंभ, गवाक्षे, उद्याने इत्यादींची चित्रे काढून लहान खोल्यांना विस्ताराचा भास दिलेला आहे.

रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) याने आपल्या वास्तुशास्त्रविषयक ग्रंथाच्या सातव्या भागात गिलावा व रंग यांचा विस्ताराने विचार केला आहे. हिवाळ्यात वापरावयाच्या भोजनगृहात नाजूक नक्षीकाम व चित्रे व्यर्थ होत, कारण शेगडीच्या व दिव्यांच्या काजळीने ती खराब होतात. तेथे काळ्या रंगाचे चौकोन योजावेत, असे तो सुचवितो. हिंगूळ हे तांबडे रंगद्रव्य त्या काळी अत्यंत महाग होते व ते भिंतीवर थापणे हे वैभवाचे लक्षण समजले जाई. अशी महाग द्रव्ये कंत्राटातून वगळून घरमालकाने स्वतः पुरवावयाची, अशी रीत होती. फाबेरिअस नावाच्या एका लेखनिकाने आपल्या घराच्या अंगणाभोवतालच्या भिंती हिंगुळाने रंगविल्या; परंतु उन्हामुळे तीस दिवसांतच त्या विद्रूप झाल्या आणि त्याला दुसऱ्या रंगांचे काम नव्याने द्यावे लागले, असे व्हिट्रूव्हिअसने नमूद केले आहे. जागेचा व प्रकाशाचा विचार न करता केवळ मोलावरून रंग निवडण्याचा हा बहुधा सर्वांत जुना लिखित दाखला होय.

भारतीय परंपरा : विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात पाच मूळ रंग सांगितले असून त्यांच्या मिश्रणाने असंख्य छटा सिद्ध होतात, असे म्हटले आहे. कोणती चित्रे कोठे असावीत याविषयीचे त्यातील मार्गदर्शन विशेष उल्लेखनीय आहे. राहत्या घरात शृंगार, हास्य व शांत या रसांचीच चित्रे असावीत. सर्व रसांच्या चित्रांना स्थान फक्त देवालयात व राजसभेत आहे, असे त्यात सांगितले आहे. वास्तूच्या उपयोगानुसार सजावट बदलली पाहिजे, हे तत्त्व यात स्पष्ट दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात भिंत गुळगुळीत करणे, तिला वज्रलेप देणे व रंग सिद्ध करणे यांची माहिती आढळते. रंगापेक्षा त्याखालील भिंतीच्या तयारीला दिलेले हे महत्त्व आजही ग्राह्य आहे.

महाराष्ट्र व गोवा : महाराष्ट्रातील सर्वसामान्य घराची रंगयोजना सारवण, चुना व गेरू या तीन गोष्टींभोवती उभी होती. जमीन शेणाने सारवावयाची, भिंतीस पांढरी माती किंवा चुना द्यावयाचा आणि खालच्या बाजूस किंवा चौकटीभोवती गेरूचा अथवा कावेचा पट्टा ओढावयाचा, ही पद्धत सर्वत्र रूढ होती. तिच्यामागे सोय होती. पट्ट्यामुळे पावसाचे शिंतोडे व सारवणाचे डाग झाकले जात. चुन्यामुळे लहान खिडक्यांच्या घरात उजेड वाढे. चुनकळी विरवून केलेले निवळ भिंतीवर दिले म्हणजे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेऊन त्याचे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटात, म्हणजे मूळच्या चुनखडीच्याच द्रव्यात, रूपांतर होते व घट्ट थर तयार होतो. ताजा चुना अत्यंत अल्कधर्मी असल्याने जंतुनाशकही असतो. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा निर्जंतुकीकरणाच्या उपायांत घरांना चुना देणे हाही एक उपाय होता. दसरा-दिवाळीपूर्वी घराला चुन्याचा हात देण्याच्या प्रथेत सौंदर्य व स्वच्छता या दोन्ही हेतूंचा मेळ दिसतो.

चुन्यात सर्वच रंगद्रव्ये टिकत नाहीत. गेरू, पिवळी माती यांसारखी लोहयुक्त खनिजे त्यात टिकतात. त्यामुळे जुन्या घरांतील छटांचा पल्ला मर्यादित, परंतु परस्परांशी जुळणारा असे. ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारली लोकांत लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम सुवासिनी करीत. येथे दोनच रंग असले, तरी त्यांतील विरोधामुळे अंधाऱ्या झोपडीतही चित्र स्पष्ट दिसे. कोकण किनाऱ्यावर व गोव्यात प्रचलित असलेल्या कावी कलेत चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर देऊन तो ओला असतानाच कोरतात व खालचा पांढरा भाग उघडा करून नक्षी साधतात.

पेशवाईतील सधन घराण्यांच्या वाड्यांतून भित्तिचित्रांची परंपरा होती. वाईजवळील मेणवली येथील नाना फडणीसांचा वाडा आणि चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. पौराणिक प्रसंग, वेलबुट्टी व पशुपक्षी हे त्यांतील नेहमीचे विषय होत. गोव्यात चर्चच्या वास्तूंना पांढरा रंग आणि घरांना पिवळा, निळा, तांबडा असे रंग अशी रूढी पडली. घराच्या रंगीत भिंतीवर खिडक्यांभोवती पांढरी किनार असे. मुसळधार पावसाने रंग धुपून जात असल्याने पावसाळ्यानंतर घर पुन्हा रंगविणे हा तेथे वार्षिक परिपाठ झाला. पणजीच्या फोंतेन्हास भागात ही रंगयोजना आजही पाहावयास मिळते.

रंगविज्ञानाचा प्रभाव : यूरोपात आयझॅक न्यूटनच्या प्रकाशविषयक ग्रंथाने (१७०४) रंगाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. घराच्या दृष्टीने मात्र जर्मन कवी गटे याचा रंगविषयक ग्रंथ (१८१०) अधिक जवळचा होता. रंगाचा मनावर होणारा परिणाम हा त्याच्या विवेचनाचा एक प्रमुख भाग आहे. निव्वळ निळ्या कागदाने मढविलेली खोली मोठी परंतु रिकामी व थंड भासते आणि नित्य वावराच्या खोलीसाठी हिरवा रंग निवडला जातो, असे निरीक्षण त्याने नोंदविले. व्हायमार येथील त्याच्या घरातील खोल्या वेगवेगळ्या रंगांच्या आहेत.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल अझेन शव्हरल हा १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ या वस्त्रचित्रांच्या कारखान्यात रंजनविभागाचा प्रमुख होता. काही रंग फिके दिसतात या तक्रारीचा शोध घेताना दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे, असे त्यास आढळले. दोन रंग शेजारी आले, की प्रत्येक रंग दुसऱ्यास आपल्या पूरक रंगाकडे ढकलतो, हा समकालिक विरोधाचा नियम त्याने १८३९ च्या ग्रंथात मांडला व भित्तिकागद, पडदे, आसनांची वस्त्रे यांच्या निवडीस तो लावून दाखविला. दुकानात आवडलेली छटा घरी निराळी का दिसते, याचे एक शास्त्रीय उत्तर येथे मिळाले. इंग्लंडमध्ये ओवेन जोन्सने १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या काचमहालाचे अंतरंग तांबड्या, पिवळ्या व निळ्या रंगांत योजिले. प्रदर्शनातील भारतीय वस्त्रे व कलावस्तूंमधील रंगमेळाने तो प्रभावित झाला आणि अलंकरणावरील त्याच्या १८५६ च्या ग्रंथात भारतीय नमुन्यांना स्वतंत्र स्थान मिळाले.

विषारी रंग : याच काळात नवी रंगद्रव्ये स्वस्त होऊ लागली. लाजवर्द मण्यापासून मिळणारी निळी छटा पूर्वी अतिशय महाग होती. १८२८ मध्ये फ्रान्समध्ये गीमे याला कृत्रिम निळीसाठी पारितोषिक मिळाले आणि पुढे हीच नीळ चुन्यात मिसळून भिंतीस शुभ्रता आणण्यासाठी घरोघरी वापरली जाऊ लागली. हिरव्या रंगाचा इतिहास मात्र निराळा आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले याने १७७५ मध्ये आणि श्वाइनफुर्ट येथील कारखान्याने १८१४ मध्ये सिद्ध केलेली तेजस्वी हिरवी द्रव्ये तांबे व आर्सेनिक यांची संयुगे होती. भित्तिकागद, कृत्रिम फुले, कापड यांत त्यांचा सर्रास वापर झाला. सर्वांत सुखद म्हणून शयनगृहास व मुलांच्या खोलीस निवडलेल्या रंगातच विष होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लेओपोल्ट ग्मेलिन याने १८३९ मध्ये दमट खोल्यांतील अशा कागदांविषयी जाहीर इशारा दिला. इटालियन शास्त्रज्ञ गॉझ्यो याने १८९० नंतरच्या दशकात बुरशीच्या क्रियेने आर्सेनिकयुक्त वायू निर्माण होतो असे दाखविले. १९३२ मध्ये चॅलेंजरने तो वायू ट्रायमिथिल आर्सीन असल्याचे निश्चित केले. हस्तकौशल्याचा पुरस्कर्ता विल्यम मॉरिस याच्या एका सुरुवातीच्या भित्तिकागदातही आर्सेनिक असल्याचे २००३ मध्ये विश्लेषणाने सिद्ध झाले. आर्सेनिकाचे मोठे उत्पादन करणाऱ्या एका खाणकंपनीचा तो काही काळ संचालकही होता. इंग्लंडमध्ये हे कागद मुख्यत्वे ग्राहकांच्या आग्रहामुळे मागे पडले आणि आपला माल आर्सेनिकमुक्त असल्याची जाहिरात उत्पादक करू लागले.

सफेता, म्हणजे शिशाचे कार्बोनेट, अधिक काळ टिकला. अळशीच्या तेलात खलून केलेला हा पांढरा रंग झाकण्याच्या शक्तीत व टिकाऊपणात श्रेष्ठ होता. परंतु तो बनविणारे व घासून काढणारे कामगार शिशाच्या विषबाधेने पोटशूळ व हातांचा लुळेपणा यांनी पीडित होत. ऑस्ट्रेलियातील ब्रिझ्बेन येथील डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये मुलांतील विषबाधेचे मूळ व्हरांड्याचे कठडे व खोल्यांच्या भिंती यांच्या रंगात असल्याचे दाखविले. फ्रान्सने १९०९ मध्ये सफेत्याविरुद्ध कायदा केला आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२१ मध्ये इमारतींच्या अंतर्भागात त्याचा वापर, काही अपवाद वगळता, निषिद्ध ठरविणारा करार संमत केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरगुती रंगांवर हे निर्बंध १९७८ मध्ये आले. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरविली व ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आली. धोका ज्ञात होणे आणि तो घरातून हद्दपार होणे यांत शंभराहून अधिक वर्षे गेली.

विसावे शतक : तयार तैलरंगाचे एकस्व अमेरिकेत १८६७ मध्ये घेतले गेले. पूर्वी रंगारी जागेवरच रंग खलून छटा सिद्ध करी. आता डबाबंद रंग व छटापत्रिका यांमुळे निवड रंगाऱ्याच्या हातून घरमालकाच्या हाती आली. नेदर्लंड्समधील उत्रेक्त येथे खेरित रीटफेल्ट याने १९२४ मध्ये ट्रुस श्रोडर यांच्यासाठी बांधलेल्या घरात तांबडा, निळा, पिवळा या मूळ रंगांनी पांढऱ्या-करड्या पृष्ठांची विभागणी केली. सरकत्या पडभिंतींच्या त्या घरात रंग हाच जागेचा मापक झाला. ल कॉर्ब्यूझ्ये याने १९२५ मध्ये शुभ्र भिंतींचा हिरिरीने पुरस्कार केला. तथापि त्यानेच १९३१ मध्ये एका स्विस कंपनीसाठी भित्तिकागदाच्या ४३ छटा निवडून वाद्याच्या स्वरपट्टीप्रमाणे त्यांच्या जुळण्या सुचविल्या.

भारतात रंगनिर्मितीचा मोठा कारखाना १९०२ मध्ये हावडा येथे निघाला. मुंबईत १९४२ मध्ये स्थापन झालेल्या एशियन पेंट्स या कंपनीसाठी व्यंग्यचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये रेखाटलेला रंगाचा डबा व कुंचला घेतलेला खट्याळ मुलगा ‘गट्टू’ घरोघरी परिचित झाला. चुन्याची जागा प्रथम डिस्टेंपरने व नंतर पायस रंगांनी घेतली. संगणकाच्या साहाय्याने हवी ती छटा दुकानातच मिसळून देणारी यंत्रे १९९० नंतर रूढ झाली व निवडीचा पल्ला हजारो छटांपर्यंत गेला. या बदलात काही हानीही झाली. चुन्याच्या भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. तिच्यावर अभेद्य तैलरंग किंवा प्लॅस्टिक रंग दिल्यास ओल आत कोंडून पोपडे सुटतात. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यास गिलाव्याबरोबर त्यावरील चित्रेही नष्ट होतात.

निवडीची तत्त्वे : या इतिहासातून काही सर्वमान्य तत्त्वे निष्पन्न होतात. छटा निवडताना ती त्याच भिंतीवर, दिवसाच्या व दिव्याच्या अशा दोन्ही प्रकाशांत पाहावी. शेजारच्या रंगाचा परिणाम लक्षात घ्यावा. खोलीचा उपयोग, उजेड व धूळ-धूर यांचा विचार करावा आणि रंगाखालील भिंत कशाची आहे हे प्रथम तपासावे. उष्ण प्रदेशात फिकट पृष्ठभाग उष्णता अधिक प्रमाणात परावर्तित करतात, म्हणून बाह्य भिंती व गच्ची यांसाठी ते हितावह होत. जुन्या घरातील रंग खरवडताना त्यात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून मुलांना दूर ठेवावे व धूळ ओल्या फडक्याने पुसून काढावी. प्रेरणेसाठी नेहमीच दूर जावे लागते असे नाही. स्थानिक माती, दगड, चुना व लाकूड यांच्या रंगांतून घडलेल्या योजना त्या त्या प्रदेशाच्या प्रकाशात शतकानुशतके पारखून निघालेल्या असतात. छटापत्रिकेतील हजारो छटांतून निवड करणाऱ्यालाही हा वारसा मार्गदर्शक ठरतो.