आधी इंग्रजी की आधी लॅटिन?

साल १८११ च्या सुमाराचे, ठिकाण लंडन. टेबलाच्या एका बाजूला जेम्स मिल भारताचा इतिहास लिहीत बसले आहेत. दुसऱ्या बाजूला त्यांचा चार-पाच वर्षांचा मुलगा जॉन ग्रीक वाचतो आहे. ग्रीकची सुरुवात तिसऱ्याच वर्षी झाली होती. वडिलांनी शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ कार्डांवर लिहून दिले होते. आता पुस्तक हातात आले आणि अडचण उभी राहिली. त्या काळच्या ग्रीक कोशांत अर्थ दिलेले असत ते लॅटिनमध्ये, आणि लॅटिन तर अजून सुरूच झाले नव्हते. त्यामुळे अडलेला प्रत्येक शब्द वडिलांना विचारणे आले. वडील स्वभावाने कमालीचे उतावळे. तरीही त्यांनी हा व्यत्यय वर्षानुवर्षे सोसला आणि त्यातच इतिहासाचे खंड लिहून काढले, असे जॉन स्टुअर्ट मिलने पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. (१८१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या इतिहासाच्या लेखकाने भारत पाहिलेला नव्हता आणि इथली एकही भाषा त्याला येत नव्हती, हेही जाता जाता सांगायला हवे.)

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरले, तर भाषांचा क्रम कोणता ठेवायचा? मातृभाषेचे व्याकरण आधी, की लॅटिनचे? की दोन्ही बरोबरच? इंग्लंडमधल्या सुशिक्षित पालकांना हा प्रश्न दोन-अडीचशे वर्षे पडत आला.

आज आपल्याला प्रश्नच विचित्र वाटतो. पण तिथे 'व्याकरण' या शब्दाचाच अर्थ फार काळ 'लॅटिन व्याकरण' असा होता. 'ग्रामर स्कूल' म्हणजे लॅटिन शिकवणारी शाळा. हा केवळ बोलण्यातला संकेत नव्हता, कायदाही तेच म्हणत होता. लीड्स शहरातल्या ग्रामर स्कूलच्या विश्वस्तांना शाळेच्या निधीतून अंकगणित आणि आधुनिक भाषाही शिकवाव्याशा वाटत होत्या. १८०५ साली लॉर्ड एल्डन या न्यायाधीशाने निर्णय दिला, की निधी ग्रीक-लॅटिनसाठी आहे, त्यासाठीच वापरावा. हे जोखड सैल करणारा कायदा व्हायला १८४० साल उजाडावे लागले.

लॅटिनमध्ये नामाचे रूप विभक्तीप्रमाणे बदलते. मालक हा कर्ता असेल तर 'डोमिनुस', कर्म असेल तर 'डोमिनुम', मालकाचा म्हणायचे तर 'डोमिनी', मालकाला म्हणायचे तर 'डोमिनो'. इंग्रजीत 'लॉर्ड' हा शब्द या बहुतेक ठिकाणी तसाच राहतो. कोण कोणाला मारतो हे शब्दांच्या क्रमावरून कळते. क्रम बदलला की मारणारा मार खातो. मराठी मुलाला 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणसाला कुत्रा चावला' यांत गोंधळ होत नाही, कारण 'ला' आपले काम चोख करतो. म्हणजे या बाबतीत आपले मूल इंग्रज मुलापेक्षा लॅटिनच्या जवळ आहे! इंग्रज मुलाला विभक्ती म्हणजे काय हे बव्हंशी लॅटिनमध्येच प्रथम भेटे, आणि ते धड कळण्यापूर्वी त्याला रूपे घोकावी लागत.

रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाने यावर तोडगा सुचवला. १७६२ साली त्याचे छोटे इंग्रजी व्याकरण निघाले. ते मुळात घरगुती वापरासाठीच लिहिले होते, असे तो प्रस्तावनेत सांगतो. त्याला तेव्हा लहान मुलगा होता. त्याचे म्हणणे असे, की नाम, क्रियापद, कर्ता या सर्वसाधारण कल्पना मुलाला आधी त्याच्या स्वतःच्या भाषेत समजावून द्या. मग लॅटिन व्याकरण उघडल्यावर आपण काय करतो आहोत, याची त्याला काहीतरी जाण असेल. आपल्याला हे 'परिचिताकडून अपरिचिताकडे' सूत्र वाटते, आणि ते आहेच. पण त्यात इंग्रजीची जागा उंबरठ्याची होती. घर लॅटिनचेच.

त्याच्या आदल्याच वर्षी, १७६१ मध्ये, आणखी एक इंग्रजी व्याकरण निघाले होते. त्याचा लेखक एका लहान गावात शाळा चालवणारा तरुण शिक्षक जोझेफ प्रीस्टली. होय, १७७४ साली ऑक्सिजन वेगळा करणारा तोच. प्रीस्टलीने विचारले, की इंग्रजीच्या व्याकरणात लॅटिनची एवढी परिभाषा हवी कशाला? नामाचे रूपच बदलत नसेल तर सहा विभक्त्या मानायच्या कशासाठी? त्याने दोनच ठेवल्या. इंग्रजीत क्रियापदाचे भविष्यकाळी रूप नाही, तेव्हा भविष्यकाळ हा वेगळा काळही मानू नये, असे तो म्हणाला. भाषा लोक जशी वापरतात तशी पाहा, हा त्याचा आग्रह. प्रयोगशाळेतली शिस्तच ती. शाळांत मात्र बाजी मारली ती लाउथच्या व्याकरणाने.

पुन्हा मिल यांच्या घरी येऊ. जॉनने आठव्या वर्षी लॅटिन सुरू केले, आणि त्याबरोबरच ते धाकट्या बहिणीला शिकवण्याचे कामही त्याच्याकडे आले. ती पुढे वडिलांना धडा म्हणून दाखवी. तिचा धडा चुकला तर जबाबदारी याची. हे काम त्याला मुळीच आवडत नसे, पण शिकवल्यामुळे विषय पक्का झाला, हे त्याने मान्य केले आहे. १८६७ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या भाषणात त्याने व्याकरणाला तर्कशास्त्राचा पहिला पाठ म्हटले, आणि रूपांनी समृद्ध अशा ग्रीक-लॅटिनमध्ये तो पाठ उत्तम मिळतो असे प्रतिपादन केले. त्याच भाषणात शाळांवरही त्याने कोरडे ओढले. मुलांची इतकी वर्षे खाऊनही त्यांना लॅटिन येत नाही, ही त्याची तक्रार होती.

याच काळात दुसरे एक घर होते, आणि त्या घरातही एक मोठे टेबल होते. विल्यम कॉबेट शेतकऱ्याचा मुलगा. सैन्यात रोज सहा पेन्सवर शिपाईगिरी करताना त्याने लाउथचे व्याकरण हाताने उतरून काढले, तोंडपाठ केले, पहाऱ्यावर उभा असताना घोकले. बसायला बराकीतल्या बिछान्याची कड, पुस्तके ठेवायला पाठपिशवी. पुढे तो पत्रकार झाला, तुरुंगात गेला, आणि १८१७ साली पुन्हा अटक होईल म्हणून अमेरिकेला निघून गेला. तिथून १८१८ मध्ये त्याचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले, तेही चौदा वर्षांच्या मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात. मुखपृष्ठावर वाचकवर्ग स्पष्ट लिहिला होता: शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर, नांगरे पोरगे.

त्याच्या घरी मुलांना सक्तीचा धडा नसे. टेबलावर दौती, लेखण्या, पेन्सिली, कागद मुबलक. ज्याला जे खरडायचे ते त्याने खरडावे. ग्रीक-लॅटिनला 'विद्या' म्हणण्याची त्याला चीड होती. सुधारणा मागणारे सामान्य लोकांचे अर्ज पार्लमेंटमध्ये भाषेच्या कारणावरूनही धुडकावले जात. म्हणून कॉबेटने व्याकरणात चुकीच्या वाक्यांचे नमुने दिले ते राजाच्या भाषणातले, मंत्र्यांचे आणि खुद्द डॉ. जॉन्सनचे. लॅटिन शिकलेल्यांनाही शुद्ध इंग्रजी येत नाही, हे दाखवायचे होते. मला या दोन बापांत कॉबेट अधिक जवळचा वाटतो. पण तो ज्या शिडीने चढला ती लाउथची होती, हे विसरता येत नाही.

लाउथच्या पुस्तकाचा प्रवास इथे थांबला नाही. लिंडली मरे याने १७९५ मधल्या आपल्या व्याकरणात त्यातले पुष्कळ घेतले. मरेचे पुस्तक मुंबईच्या इंग्रजी शाळांपर्यंत पोचले, आणि १८३६ साली दादोबा पांडुरंग यांनी मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा त्यांच्यापुढे मरेचा आदर्श होता. दुसरीकडून संस्कृतची आठ विभक्त्यांची चौकट होतीच.

सातवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर विभक्तीचा तक्ता लिहीत होते. द्वितीयेपुढे 'स, ला, ते' लिहिले आणि चतुर्थीपुढेही 'स, ला, ते'. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, दोन्ही सारखेच आहेत, तर नावे दोन कशाला?" मी नेहमीचे उत्तर दिले, की अर्थ वेगळा, एकीकडे कर्म, दुसरीकडे संप्रदान. ती खाली बसली. पण प्रीस्टलीने त्या उत्तराने समाधान मानले नसते, आणि तिनेही मानले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.