नोंदवहीचे दोन उपयोग

रुग्णसेवा म्हटली कीं आमच्या डोळ्यांपुढें मायेचा हात उभा राहतो. त्याच हातांतील लेखणी सहसा दिसत नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचें नांव दिव्याशीं जोडलें गेलें आहे. परंतु क्रिमियाच्या युद्धांत (१८५४–५६) सैनिक जखमांपेक्षां रोगांनींच अधिक मेले, हें सरकारच्या गळीं उतरलें तें बाईंनीं मांडलेल्या आंकड्यांमुळें. हिंदुस्थानांतील लष्करी छावण्यांची माहितीही त्यांनीं अभ्यासिली व तिच्यावरील त्यांचें विवेचन १८६३ सालीं प्रसिद्ध झालें.

तथापि नोंद ही नेहमींच दयाळू असते, असें मात्र नाहीं. महारोग्यांचा इतिहास पाहावा. खानेसुमारींत त्यांची गणती होई; पुढें १८९८ च्या कायद्यानें निराधार महारोग्यास पकडून कोंडून ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. यादींत नांव लागणें म्हणजे घरास व गांवास मुकणें, अशी ज्याची धारणा झाली, त्यानें आपला चट्टा झांकून ठेवावा यांत नवल काय?

ही भीति घालविण्याचा प्रयत्न वर्धा जिल्ह्यांत झाला. १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं दत्तपुरास महारोग्यांची सेवा आरंभिली. १९३९ सालीं परचुरे शास्त्री सेवाग्रामास आले, तेव्हां महात्माजी स्वतः त्यांचें अंग चोळूं लागले. परंतु एका शास्त्रीबुवांची सेवा एका महात्म्याला करतां येते. शेंकडों गांवांचें काय? त्यास पद्धतच हवी. १९५१ सालीं स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन या संस्थेनें वर्ध्यास ठाणें करून पाहणी, शिक्षण व उपचार अशी त्रिविध पद्धति रूढ केली. कार्यकर्त्यांनीं घरोघर जावें, रोगी शोधावे, लोकांची समजूत घालावी व औषध त्यांच्या गांवींच द्यावें.

या पद्धतीचा प्राण नोंदवहींत होता. त्या वेळचें डॅप्सोन हें औषध वर्षानुवर्षें घ्यावें लागे. कोणी घेतलें व कोणाचें चुकलें, हें स्मरणावर सोंपवितां येत नव्हतें. शिवाय या रोगांत मज्जातंतु नकळत निकामी होतात. कोणती जागा बधिर होती, बोटांत किती जोर होता, हें मागील भेटींत लिहिलेलें नसेल, तर आज झालेली हानि ओळखावी कशी? एक ओळ राहिली तर पुढें एक हात जाऊं शकतो. वही तीच, परंतु जिच्यामागून एकेकाळीं शिपाई येई, तिच्यामागून आतां गोळी येऊं लागली.

१९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बहुविध औषधोपचाराची शिफारस केली; तो आरंभीं स्वीकारणाऱ्या जिल्ह्यांत वर्धा होता. उपचारास मुदत आली, आणि बरा झालेल्याचें नांव वहींतून कमी करण्याचा दिवसही आला. २००५ च्या अखेरीस देशांतील प्रमाण दहा हजारांत एकाहून खालीं गेलें. १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. रोग मात्र अजून निःशेष नाहीं.

आम्ही अध्यापक हजेरीपट नाखुषीनें भरतों, हें कबूल केलें पाहिजे. थकलेल्या परिचारिकेसही पाळीच्या शेवटीं लिहिणें हें कारकुनी वाटत असेल. पण तिची ओळ वाचून दुसरी परिचारिका रोग्याजवळ जाते. ज्याचें नांव आपण लिहितों, त्याच्या हिताकरितांच तें लिहावें व इतरांपासून जपावें, एवढें पथ्य मात्र वर्ध्याच्या या इतिहासावरून आम्ही घेतलें पाहिजे.