बिनडांबरी सुख

चाळिशी ओलांडली की माणसाला दोनच वाटा उरतात. एक अध्यात्माची, दुसरी व्यायामाची. माझ्या बाबतीत निवड डॉक्टरांनी केली. रक्तातल्या साखरेचा कागद वाचून ते म्हणाले, "बँकेत बसून बसून तुमची मुदत ठेव झालीय. आता जरा चालू खात्यात या." आमच्याच धंद्यातला विनोद आमच्यावर करून वर त्याची फी घेणाऱ्या माणसापुढे काय बोलणार? मी सायकल घ्यायचे ठरवले.

आमच्या शाखेत नुकताच लागलेला एक तरुण अधिकारी आहे. तो म्हणाला, "साधी घेऊ नका, ग्रॅव्हल बाइक घ्या." ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. फ्रान्समध्ये म्हणे लोक डांबरी सडक मुद्दाम टाळतात आणि द्राक्षमळ्यांमधून, जुन्या दगडी खेड्यांवरून, मुरमाच्या वाटांनी दिवसचे दिवस सायकल हाकतात. मोटारीचा आवाज नाही की धूर नाही. त्याने मोबाइलवर चित्रे दाखवली. मी म्हटले, "अरे, हा तर आपला कंधार तालुका! फक्त झाडं जास्त आहेत."

सायकल घरी आली तेव्हा आईने तिला एक प्रदक्षिणा घातली.

"घंटी नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरेज नाही. बाकीचं सामान कवा येणार?"

"हे एवढंच असतं, आई."

किंमत ऐकल्यावर ती म्हणाली, "इतकं सगळं काढून घ्यायचे एवढे पैसे?" बी.कॉम.च्या तीन वर्षांत मी वजावटीचे अनेक प्रकार शिकलो. पण सामान वजा होत जाते तशी किंमत वाढत जाते, हा प्रकार आमच्या पुस्तकात नव्हता.

आता रस्ता. माझी नोकरी आधी लातूरला, मग नांदेडला, त्यामुळे दोन्ही गावांचे मीठ मी खाल्ले आहे. या दोन गावांचे सहसा एकमत होत नाही. विभागीय आयुक्तालय कोणाच्या अंगणात यावे यावरून ती किती भांडली, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यांना जोडतो तो ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. लोहा, अहमदपूर, चाकूर असा तो जातो. त्यावरचे ट्रकवाले सायकलस्वाराला थकीत कर्जदाराइतकीही किंमत देत नाहीत. तेव्हा रविवारी पहाटे ओळखीच्या टेम्पोत सायकल टाकून मी लोह्याला उतरतो आणि महामार्ग सोडून कंधारच्या बाजूला, बालाघाटच्या माळावर शिरतो.

इथे मात्र सुख आहे. तांबूस मुरूम चाकाखाली करकरतो. दोन्हीकडे तूर, पुढे हरभरा, कुठे बाभळीवर होला घुमतो. रहदारी शून्य. पहिल्या रविवारी या शांततेचे मला फार कौतुक वाटले. तिचे कारण दुसऱ्या रविवारी कळले. पारावरचा एक म्हातारा मला निरखून म्हणाला, "बँकेचे साहेब ना? वसुलीला आलाव का?" मी नाही म्हणेपर्यंत पार रिकामा झाला होता.

कारकून माणसाला एखादी गोष्ट आवडली की तो तिची जुनी फाइल काढतो. मीही काढली. पहिली टूर द फ्रान्स शर्यत १९०३ सालची. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. निघाले ६० जण, पोचले २१. पहिला आला मोरिस गारँ, लहानपणी धुराडी साफ करणारा. तेव्हाचे रस्ते बहुतेक खडीमातीचे. आज ज्याला ग्रॅव्हल म्हणून जादा पैसे पडतात, ते त्या काळी सक्तीचे आणि फुकट होते.

१९१३ साली याच शर्यतीत युजेन क्रिस्तोफ नावाच्या गड्याची सायकल पिरेनीज पर्वतात मोडली. पुढचा चिमटाच तुटला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावच्या लोहाराकडे गेला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची. त्याने ती केली. पण भाता हलवायला एका पोराची मदत घेतली, म्हणून तपासनिसांनी दहा मिनिटांचा दंड ठोकला. नंतर तो तीन मिनिटांवर आणला. हे वाचून मला गहिवरून आले. ऑडिट सगळीकडे सारखेच!

मग मी आणखी खालची फाइल ओढली, आणि तिथे जरा अडखळलो. १७८७ साली आर्थर यंग नावाचा एक इंग्रज शेतीतज्ज्ञ फ्रान्समध्ये हिंडत होता. रस्ते इतके भव्य, आणि त्यांवर गाड्या इतक्या थोड्या, याचे त्याला राहून राहून नवल वाटले. म्हणजे फ्रान्सची ही रहदारीमुक्त शांतता दोनशेहून अधिक वर्षांची जुनी. पण ते रस्ते बांधले कोणी? शेतकऱ्यांनी, वेठीने. दर वर्षी ठराविक दिवस राजाच्या सडकेवर फुकट राबायचे. सरदारांना आणि धर्मगुरूंना माफी. तुर्गो नावाच्या मंत्र्याने १७७६ साली ही वेठ बंद केली, तर काही महिन्यांत मंत्रीच गेला आणि वेठ परत आली. ती कायमची गेली क्रांतीच्या सुमारास. याच तुर्गोच्या हाताखाली पूर्वी लिमोज प्रांतात त्रेसागे नावाचा इंजिनिअर होता. रस्ता थरांनी करावा हे त्याचे शास्त्र: तळाशी मोठे दगड उभे बसवायचे, त्यावर लहान, सगळ्यांत वर बारीक खडी. पुढे स्कॉटलंडच्या मॅकॅडमने सगळी खडीच लहान फोडायला लावली.

रात्री जेवताना हे सगळे मी मोठ्या रसाने घरात सांगत होतो. निजामी मुलखातली वेठबिगारी आईने तिच्या आजोबांकडून ऐकलेली, त्यामुळे वेठ काय ते तिला समजावून द्यावे लागले नाही. ती म्हणाली, "आन् तू जातोस ती सडक कोणती म्हणलास?"

मी सांगितले. आजोळाकडून फाट्यावर येणारी, माळावरची.

"ती म्या केली," आई म्हणाली, आणि तिने भाकरी मोडली.

१९७२. आमच्या पिढीला हा आकडा फक्त 'बहात्तरचा दुष्काळ' या शब्दांत माहीत. पाऊस गेला, विहिरी गेल्या, जनावरे बाजाराला गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली: तलाव, बंडिंग आणि मुख्य म्हणजे खडी फोडणे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात रोज सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. एवढी माणसे फोडायला बसल्यावर डोंगर तरी काय करील? वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना याच सुमारास उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा आला. फ्रान्सच्या राजाची वेठ आणि हे काम यांत एक फरक मोठा: इथे मजुरी मिळत होती. पोट जगवण्यासाठीच काम काढले होते, आणि त्याने माणसे जगली.

आई तेव्हा बारा वर्षांची. आजी खडी फोडायची, आई टोपल्याने वाहायची. हजेरीपटावर आजीचे नाव होते, आईचे नव्हते. बोटांना चिंध्या बांधायच्या, कपचा उडाला तर डोळा मिटून घ्यायचा. लेकरांना सुकडी मिळे. घरी रेशनच्या लाल मिलोची भाकरी. "ती लई चिवट. पण तवा गोड लागायची," आई म्हणाली. हे सगळे तिने माझ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कधी सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते. मी विचारले ते फ्रान्सबद्दल, आणि तेही मोबाइलला.

यानंतर मी त्या रस्त्यावरून जरा जपून चालवू लागलो. खडी रुतायची ती आता मनातही रुतू लागली. अशातच मागच्या महिन्यात गावात बातमी ऐकली की रस्ता डांबरी होणार. मी घरी येऊन हळहळलो.

"संपलं! आता मोटारी सुरू होतील. इतका शांत रस्ता जिल्ह्यात सापडायचा नाही."

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"शांत कामून आहे ठाऊक आहे का? गाडी येत नाही म्हणून. पावसाळ्यात काळी माती वर येते, मुरूम खाली जातो. तुझ्या मावशीला अडली तवा बाजेवर घालून फाट्यावर नेलं. चौघं जण, गुडघाभर चिखल. मावशी परत आली, लेकरू आलं नाही."

मी गप्प राहिलो. मावशीकडे मी दर दिवाळीला जातो.

"तूच म्हणलास ना, खाली मोठे दगड, वर लहान, असे थर असतात म्हणून? आमचा खालचा थर झाला होता. वरचा यायचा होता. साहेब म्हणले, पुढल्या साली. तवाधरून बघायलोय."

पन्नास वर्षे! आमच्याकडे एखादी नोंद तीन महिने अर्धी राहिली तर खुलासा मागतात. इथे अर्ध्या शतकाची नोंद उघडी पडली होती, आणि मी तिच्यावरून सायकल फिरवून साखर कमी करत होतो. शेतरस्त्यांसाठी शासनाने २०२१ साली काढलेल्या योजनेचे नावही 'मातोश्री' आहे. आमच्या मातोश्रींनी आपल्या वाटणीचे काम १९७३ सालीच करून ठेवले, हे मात्र कुठल्याच फाइलमध्ये नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

"मग मी काय करू? सायकल विकू?" मी विचारले.

आईने तांदळातला एक खडा उचलला, सवयीने बोटात फिरवून पाहिला आणि बाजूला टाकला.

"विकतोस कशाला? डांबर झालं की तिला कॅरेज बसव. मी येते मागं बसून. बघू तरी, कशी झाली सडक."