हैदराबादचे फुगे आणि दूरच्या दीर्घिका

दूरच्या सक्रिय दीर्घिका गॅमा किरण पाठवतात हे कसे कळले, याची हकीकत सहसा उपग्रहांपासून सुरू होते. कॉस-बी उपग्रहाने 3सी 273 हा क्वेसार टिपल्याचे 1978 मध्ये जाहीर झाले. 1991 मध्ये कॉम्पटन वेधशाळेवरच्या एग्रेट दुर्बिणीला 3सी 279 दिसला आणि ब्लेझार, म्हणजे आपल्याकडे झोत रोखलेल्या सक्रिय दीर्घिका, हे गॅमा आकाशातले मोठे घराणे ठरले. या हकीकतीत हैदराबाद येत नाही, आणि म्हणूनच ती मला अर्धी वाटते. वैश्विक किरण हवेवर आदळले की तिथेच गॅमा किरण जन्मतात. लांबून आलेले मोजके किरण त्या गर्दीत हरवतात. ही गर्दी ओळखून बाजूला काढणे हाच या विद्येचा पाया आहे, आणि त्यासाठी हैदराबादइतकी सोयीची जागा क्वचितच सापडते. चुंबकीय विषुववृत्त इथून जवळ असल्याने कमी ऊर्जेचे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे बाहेरच अडतात आणि गर्दी कमी होते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1960च्या दशकात उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून उपकरणे हवेच्या वर नेणारे फुगे सोडले. पुढे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (ईसीआयएल) या कंपनीजवळ कायमचे केंद्र झाले. पण याच अक्षांशाची एक शिक्षाही होती. सोळा-सतरा किलोमीटरवर तापमान उणे 80 अंशांच्या आसपास उतरते आणि फुग्याचा पॉलिथिनचा पातळ पापुद्रा काचेसारखा तडकतो. आर. टी. रेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती थंडी सोसणारे फुगे घडवले म्हणून उपकरणे त्यापलीकडे, तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर पोचली. एस. व्ही. दामले, पी. के. कुंटे यांच्या गटाने सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या जोडीने नताल्या ही गॅमा दुर्बीणही इथूनच वर नेली.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: फुगा काही तास टिकतो, वर थोडी हवा उरतेच, आणि हैदराबादच्या एकाही उड्डाणाने नवी दीर्घिका ओळखून दिली नाही. हे मान्य. पण नुसत्या उपग्रहानेही ओळख पटत नाही. 1999 च्या एग्रेट सूचीत 271 स्रोत होते, त्यांतले 170 अनोळखी राहिले. स्रोताची जागा आकाशात अंशभर पसरट दिसते आणि तेवढ्यात कितीतरी दीर्घिका मावतात. मग गॅमा उजेड वाढला त्याच सुमारास दृश्य किंवा रेडिओ उजेड कुणाचा वाढला, हे ताडून पाहावे लागते. अशा कामात गर्दीचा अचूक हिशेब हे निम्मे यश असते, आणि तो हिशेब फुग्यांनी शिकवला.

हैदराबादचा हात पुढेही सुटला नाही. लडाखमधल्या हानले इथली 21 मीटर व्यासाची मेस ही गॅमा दुर्बीण भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी ईसीआयएलने हैदराबादेत घडवली. डिसेंबर 2022 आणि जानेवारी 2023 मध्ये तिने एनजीसी 1275 या सक्रिय दीर्घिकेचे भडके टिपले. रेडकर, दामले, कुंटे यांच्या पिढीच्या कामावर मराठीत कुणी तरी सविस्तर लिहावे.