‘सेपियन्स’ : जिभेवरचे शहाणपण

‘सेपियन्स’ म्हणताच आठवतो तो लिनियसने १७५८ साली ‘होमो सेपियन्स’ असे नामकरण केलेला माणूस. त्याच कुळातले, जवळपास त्याच उच्चाराचे इंग्रजी नाम मात्र बरेच जुने. फ्रेंचमार्गे ते चौदाव्या शतकात इंग्रजीत आले. अर्थ, शहाणपण. मूळ लॅटिन क्रियापद ‘सापेरे’, म्हणजे चव असणे, चव कळणे. जाण असणे हा त्याचा विस्तार. बेचव या अर्थाचा ‘इन्सिपिड’ याच घराण्यातला. जाणणे या अर्थाचे फ्रेंच ‘साव्ह्वार’ही तिथलेच, पण पंडितांनी ते ‘स्कीरे’ या दुसऱ्याच क्रियापदापासून आले असे समजून त्याच्या लेखनात एक ‘सी’ घुसडला, तो पुढे काढावा लागला. (शहाणपणाच्याच शब्दापाशी पंडित फसावेत!)

‘विज्डम’चे मूळ पाहण्याशी, आपल्या ‘विद्’ धातूशी जुळते. वर्गात आपण तेवढेच सांगतो आणि वेदाशी सोयरीक निघाली म्हणून सुखावतो. मला मात्र ‘सापेरे’ अधिक जवळचे वाटते. आपल्या ‘रस’ शब्दाशी त्याचे रक्ताचे नाते नाही, पण जिभेवरून काव्यशास्त्रापर्यंतची रसाची वाट अशीच आहे. रसिक आस्वादापाशी रमला, ‘सापेरे’ निवाड्यापर्यंत गेले. इंग्रजीत ‘सेपियन्ट’ हे विशेषण मात्र पुढे बहुधा उपरोधानेच वापरले जाऊ लागले.