मेहेंदळे एस. एम.: निबंधांवरून एक कारकीर्द

एचआयव्हीवर औषध किंवा लस शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची कारकीर्द मुलाखतींवरून लिहिली, तर ती हमखास विजयगाथा होते. शोधनिबंध एवढे उदार नसतात. म्हणून डॉ. संजय मेहेंदळे यांच्या कामाचा माग इथे छापील कागदांवरूनच काढला आहे.

पुण्याजवळ भोसरीला 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातली ‘नारी’, सुरू झाली. तीनच वर्षांनी, 1995 मध्ये, ‘जर्नल ऑफ इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये नारीतल्या मेहेंदळे यांचा प्रथम लेखक म्हणून निबंध आला. विषय होता पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांमध्ये होणाऱ्या नव्या लागणीचा. यात प्रयोगशाळेतला चमत्कार काहीच नाही; पण दरवर्षी नव्याने किती जणांना लागण होते हे ठाऊक नसेल, तर लस उपयोगी पडली की नाही हे ठरवायचे कशावरून? माझ्या मते पुढच्या सगळ्या कामाचे जोते या रटाळ वाटणाऱ्या मोजदादीत आहे.

डिसेंबर 1997 मध्ये ‘जामा’च्या एकाच अंकात पुण्याचे दोन निबंध छापले गेले आणि मेहेंदळे दोन्हींत सहलेखक आहेत. त्यातला रमण गंगाखेडकर प्रथम लेखक असलेला निबंध सावकाश वाचावा असा आहे. 13 मे 1993 ते 11 जुलै 1996 या काळात दवाखान्यांत आलेल्या 916 स्त्रियांची ती नोंद. त्यांपैकी 391 जणी देहविक्री करणाऱ्या नव्हत्या, आणि त्यांच्यात लागणीचे प्रमाण 13.6 टक्के निघाले. निबंधाच्या शीर्षकातच विवाहित, एकनिष्ठ स्त्रिया आहेत. ‘धोक्याचे गट’ वेगळे काढून बाकीच्यांनी निर्धास्त राहायचे, ही त्या काळची सोयीची समजूत या एका आकड्याने खोटी पाडली. लागण नवऱ्याकडून घरात येत होती.

7 फेब्रुवारी 2005 रोजी नारीत भारतातील पहिली एचआयव्ही लसचाचणी सुरू झाली. तिच्यावरच्या 2008 च्या निबंधात युरोपातील 50 आणि भारतातील 30 निरोगी स्वयंसेवकांचा हिशेब आहे. प्रथम लेखक पुन्हा मेहेंदळे. लस सुरक्षित ठरली, प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद मात्र माफक. वर्तमानपत्रांत जेवढा गाजावाजा सुरुवातीचा होतो, तेवढा अशा निकालाचा होत नाही.

नवरा-बायकोच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते लसीतून नव्हे. 2011 च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधील एचपीटीएन 052 चाचणीत नऊ देशांतील 1,763 जोडपी होती. प्रत्येक जोडप्यातल्या एकालाच लागण झालेली. त्याला औषधे लवकर सुरू केली, तर जोडीदाराला त्याच्याकडून होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, असे दिसले. जोडीदाराकडूनच आल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झालेल्या 28 लागणींपैकी लवकर औषध मिळालेल्या गटात फक्त एक होती. लेखकांच्या लांबलचक यादीत नारीच्या शीला गोडबोले आणि मेहेंदळे शेजारी शेजारी आहेत.

लसीचा नाद त्यानंतरही सुटला नाही. 2013 मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये दुसऱ्या लसचाचणीचा निबंध आला. पुणे आणि चेन्नई मिळून 32 स्वयंसेवक, पहिला टप्पाच, आणि पहिले नाव मेहेंदळे.