हजेरीपट आणि पिस्तूल

अमेरिकेतल्या एका शाळेत गोळीबार झाल्याची बातमी पुन्हा आली, त्या दिवशी आमच्या शिक्षकखोलीत वाद रंगला. एक तरुण सहकारी म्हणाले, "सर, मास्तरांच्या हातीच पिस्तूल द्यावे. प्रश्न मिटला!" मी इतिहास शिकवणारा माणूस. म्हटले, "अहो, हा प्रयोग आपल्या शेजारीच होऊन गेला आहे. त्याचे काय झाले ते आधी ऐका."

१६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर पाकिस्तानी तालिबानने हल्ला केला. १४० हून अधिक माणसे मारली गेली. त्यांत १३० हून अधिक मुले होती. मुख्याध्यापिका ताहिरा काझी यांनाही मारेकऱ्यांनी सोडले नाही. पुढच्याच महिन्यात खैबर-पख्तुनख्वाच्या प्रांतिक सरकारने शिक्षकांना परवान्याचे शस्त्र शाळेत आणण्याची मुभा दिली. पोलिसांनी शिक्षिकांनाही नेमबाजीचे धडे दिले. शिक्षक संघटनांमधून मात्र विरोधाचा सूर उमटला: आमचे काम शिकवण्याचे, पहाऱ्याचे नव्हे.

त्याच वर्षी जुलैमध्ये स्वात खोऱ्यातील मिंगोरा येथे एक शिक्षक शाळेत पिस्तूल साफ करीत होते. गोळी सुटली आणि एका विद्यार्थ्याचा जीव गेला. त्या दिवशी शाळेत कोणी अतिरेकी आला नव्हता.

आता दुसरी बाजू. २० जानेवारी २०१६ रोजी चारसद्द्याच्या बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक सय्यद हमीद हुसेन यांनी आपल्या पिस्तुलातून मारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. तेवढ्या अवधीत काही विद्यार्थी निसटले. प्राध्यापक मात्र कामी आले. एकूण बळी सुमारे वीस. त्या शिक्षकापुढे मी मान लववतो. त्यांचे पिस्तूल व्यर्थ गेले असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

हे विद्यापीठ ज्यांच्या नावाचे, ते बाचा खान म्हणजे आपले सरहद्द गांधी, खान अब्दुल गफार खान. हल्ल्याचा दिवस हा त्यांच्या पुण्यतिथीचा. त्यांच्या स्मरणार्थ विद्यापीठात मुशायरा भरायचा होता. घरोघरी बंदूक असलेल्या त्या पठाणी मुलुखात या माणसाने १९१० साली उतमानझई गावी शाळा काढली होती. मुलाच्या हाती बंदुकीआधी पुस्तक पडावे, हीच त्यांची धडपड.

दोन्ही घटना मी तराजूत घालून पाहतो. हल्ल्याचा दिवस बहुतेक शाळांच्या नशिबी कधीच येत नाही. पिस्तूल मात्र रोज शाळेत येते; खिशात, टेबलाच्या खणात, मुलांच्या कुतूहलाच्या टप्प्यात. आमच्या प्रयोगशाळेतील आम्लाच्या कपाटाची किल्ली जागेवर आहे ना, या विचाराने मी कित्येकदा अर्ध्या वाटेवरून परत फिरलो आहे. पन्नास शिक्षकांची पन्नास पिस्तुले मी कशी सांभाळणार? आणि शस्त्र चालवणे हाच ज्यांचा पेशा, त्यांचे तरी काय? २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डीच्या शाळेत शेकडो सशस्त्र पोलीस जमले. तरी वर्गात शिरायला तासाहून अधिक वेळ लागला. १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या.

फाटकाबाहेरची राखण सरकारने करावी. तो त्याचा धर्म आहे. ती जबाबदारी मास्तरांच्या कमरेला बांधून सरकारने मोकळे होऊ नये.

तरुण सहकारी काही बोलले नाहीत. घंटा झाली. हजेरीपट उचलून ते वर्गावर गेले.